नामदेवांना उठवले कोणी?

औंढा नागनाथच्या देवळात नंदी नेहमीच्या जागी, म्हणजे पिंडीसमोर नाही, मागच्या अंगाला आहे. असे का, म्हणून विचारले की बेल-फुले विकणाऱ्या बाईपासून पुजाऱ्यापर्यंत कोणीही तयार उत्तर देते: नामदेव महाराजांसाठी देऊळ फिरले ना! मग गोष्ट सुरू होते. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. आत अभिषेक चालू होता. टाळ-मृदंगाच्या गलक्याने पूजेत व्यत्यय येऊ लागला, म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला जायला सांगितले. नामदेव गेले, पाठीमागे बसून देवाला आळवू लागले आणि अख्खे देऊळ गर्रकन फिरून त्यांच्यासमोर आले. नंदी तेवढा जागच्या जागी राहिला.

ही गोष्ट ऐकून काही जण हात जोडतात, काही जण हसतात. हसणारे म्हणतात, दगडी देऊळ कधी फिरते का? नंदी हलवला असेल, दरवाजा बदलला असेल, पडझडीनंतर पुन्हा बांधताना मांडणी उलटी झाली असेल. त्यांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. औंढ्याचे देऊळ निरखून पाहिले तर खालचा भाग यादवकाळातला, काळ्या दगडाचा. त्यावर हत्तींच्या रांगा, देवदेवता आणि नर्तकी कोरलेल्या. वरचे शिखर मात्र बऱ्याच नंतरचे, पांढरे, वेगळ्याच हातांनी बांधलेले. दोन काळांचा सांधा उघड्या डोळ्यांना दिसतो. इतकी मोडतोड आणि फेरबांधणी झालेल्या वास्तूत नंदी मागे राहायला चमत्कारच हवा असे नाही.

पण देऊळ फिरले की नाही, या वादात मला रस नाही. हात जोडणारा आणि हसणारा, दोघेही गोष्टीच्या शेवटाकडे पाहतात. मला तिच्या सुरुवातीबद्दल बोलायचे आहे. नामदेवांना समोरून उठवले कोणी, आणि का?

‘व्यत्यय येत होता’ हे कारण आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते खरे असणार असेच वाटते. शेजारच्या लग्नातल्या डीजेबद्दल तक्रार करावी तितके ते साधे आणि निरुपद्रवी कारण आहे. या प्रसंगाची नामदेवांच्या नावाने जी पदे आज उपलब्ध आहेत, त्यांत मात्र ते कुठेच नाही. शिखांच्या ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. हा ग्रंथ १६०४ साली सिद्ध झाला. त्यातल्या भैरव रागातल्या पदात नामदेव सांगतात: हसत खेळत तुझ्या देवळी आलो, भक्ती करत होतो, तर नाम्याला धरून उठवले. ‘हीनड़ी जाति मेरी जादिम राइआ’, यादवांच्या राया, माझी जात हीन. शिंप्याच्या कुळात मी जन्माला तरी कशाला आलो? मग घोंगडी उचलली, मागे फिरलो आणि देवळाच्या पाठीशी जाऊन बसलो.

मल्हार रागातल्या दुसऱ्या पदात आडपडदा तर अजिबातच नाही. ‘सूदु सूदु करि मारि उठाइओ, कहा करउ बाप बीठुला.’ शूद्र शूद्र म्हणत मला मारून उठवले, बापा विठ्ठला, आता मी काय करू? त्याच्या पुढच्याच ओळीत नामदेव देवाला जे विचारतात, तसे रोखठोक बोलणे संतसाहित्यातही वारंवार भेटत नाही. मेल्यावर मुक्ती देशील, तर त्या मुक्तीची कोणाला खबर लागणार? हे पंडे मला हलक्या जातीचा म्हणतात, यात तुझीच अब्रू जाते आहे. पदाचा शेवट असा: देवाने देऊळ फिरवून नाम्याकडे केले आणि पंड्यांच्या वाट्याला पिछाडी आली.

तक्रार आवाजाची नव्हती, जातीची होती. सौम्य भाषेत विनंती झाली नव्हती, मारहाण झाली होती. आणि देऊळ फिरले ते भक्ताचे कौतुक म्हणूनच नव्हे. ज्यांनी उठवले त्यांच्याकडे देवाने पाठ केली. आपण सांगतो त्या गोष्टीत जात गळाली, मार गळाला आणि देवाचा रागही गळाला. उरला तो एक गोड चमत्कार, ज्याने कोणालाच काही टोचत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ही पदे हिंदी वळणाची, पंजाबात जपलेली, नामदेवांनंतर अडीचशे वर्षांनी ग्रंथात बांधलेली. ती आपल्या नामदेवांचीच कशावरून? त्यात औंढ्याचे नावही नाही. हे सगळे बरोबर आहे. नामदेवांच्या नावावर कोणकोणत्या नाम्यांच्या रचना जमा झाल्या, हा प्रश्न मराठी गाथेलाही चुकलेला नाही. पण मी या पदांकडे १२७० साली जन्मलेल्या माणसाचे प्रतिज्ञापत्र म्हणून पाहत नाही. आख्यायिकेचा एक पाठ म्हणून पाहतो. निदान सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट जातीच्या अपमानाची गोष्ट म्हणून गायली जात होती, एवढे तरी त्यातून पक्के कळते. ‘व्यत्यया’चा पाठ तिच्यापेक्षा जुना आहे, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने तसा पुरावा पुढे करावा. आणि औंढ्याचे नाव पदात नाही म्हणून पद बाजूला ठेवायचे, तर मग नंदीकडे बोट दाखवून तीच गोष्ट सांगणेही थांबवायला हवे. चमत्कार आमचा आणि मारहाण पंजाबची, अशी वाटणी करता येणार नाही.

खरे तर पंजाबचे हे देणे आपण मोठ्या अभिमानाने मिरवतो. २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन थेट पंजाबातल्या घुमानला भरले. नामदेवांनी मराठी भागवत धर्माची पताका पंजाबात नेली, हे त्यानिमित्ताने नव्याने सांगितले गेले आणि ते योग्यच होते. पण नामदेव तिकडे काय घेऊन गेले, असे विचारले तर उत्तराच्या यादीत ‘शूद्र म्हणून मारून उठवल्याची आठवण’ हेही एक कलम पडते. ते आपण यादीत धरत नाही.

गोष्ट मऊ करत नेण्याची ही सवय औंढ्यापुरती नाही. त्र्यंबकेश्वरची कथा घ्या. गोदावरी कशी अवतरली, हे सांगताना आपण म्हणतो: गौतम ऋषींच्या हातून गोहत्या घडली, त्या पापक्षालनासाठी त्यांनी ब्रह्मगिरीवर तप केले, शंकर प्रसन्न झाले आणि गंगा आली. गाय मेली कशी? शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत ते सविस्तर आहे. दुष्काळात गौतमांच्या तपाने पाणी मिळाले. त्या पाण्यावर आश्रम करून राहिलेल्या इतर ऋषींच्या बायकांचे अहल्येशी पाण्यावरूनच बिनसले. त्या ऋषींनी गणपतीची आराधना करून वर मागितला तो गौतमांना हुसकावून लावण्याचा. गणपतीने नाइलाजाने मरतुकड्या गाईचे रूप घेतले, गौतमांनी तिला गवताच्या काडीने हाकलले आणि ती तिथेच पडली. लगेच सगळे जमले, गोहत्या गोहत्या म्हणून ओरडले, दगड मारले आणि नवरा-बायकोला आश्रमाबाहेर काढले. पुढे शंकर प्रकट होऊन स्वतः गौतमांना सांगतात, तू निष्पाप आहेस, तुला फसवले गेले.

म्हणजे पुराणाच्या मते पाप गौतमांचे नव्हतेच. कट होता, पाण्यावरचा हक्क आणि मत्सर होता, आणि त्यासाठी धर्माचे नाव वापरून एका माणसाला वाळीत टाकणे होते. पुराणकाराने हे लपवलेले नाही. गंगा आल्यावर त्या ऋषींना पाहून ती अंतर्धान पावते, असेही तो लिहितो. आपण मात्र ‘हातून गोहत्या घडली’ एवढ्यावर गाडी पुढे नेतो. ज्याला हाकलले त्याच्याच नावावर पाप, हाकलणारे गोष्टीतून गायब! औंढ्याला हेच झाले आहे. नामदेवांच्या कीर्तनाचा ‘व्यत्यय’ होतो आणि मारणारे हात दिसेनासे होतात.

आपल्याकडचे विवेकवादी अनेकदा म्हणतात की या आख्यायिका म्हणजे पुरोहितांनी रचलेला भुलवा, त्या टाकून दिल्या म्हणजे झाले. मला उलट वाटते. पुरोहितांनी रचल्या असत्या तर हे तपशील त्यात आले नसते. दानलेख राजाचे नाव सांगतो, दिलेल्या जमिनीची सीमा सांगतो आणि दान मोडणाऱ्याला शाप देतो. दारावरून कोणाला परत पाठवले, हे तो सहसा सांगत नाही. ते आख्यायिकेतच टिकते, कारण ती कीर्तनात, ओवीत, जात्यावर जगते. तिथे लेखणी ज्यांच्या हाती नव्हती त्यांचेही चालते. देऊळ फिरले ही कल्पना कोणाला सुचली असेल? पुढच्या रांगेत बसणाऱ्याला ती सुचायचे कारणच नाही.

दक्षिणेत गेलो तर हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत भेटते. तमिळ शैव परंपरेतले नंदनार त्रेसष्ट नायनमारांपैकी, म्हणजे शिवभक्त संतांपैकी, एक. जन्माने पुलैयर, म्हणजे त्या काळाच्या हिशोबात गावकुसाबाहेरचे. देवळातल्या नगाऱ्यांना लागणारे कातडे आणि वीणेच्या तारा पुरवायच्या, पण पाऊल आत टाकायचे नाही. तिरुप्पुंगूरच्या शिवमंदिराबाहेर उभे राहिले तर मध्ये नंदी, पिंड दिसेना. शंकराने नंदीला बाजूला सरकायला सांगितले. तिथला नंदी आजही सरळ रेषेत नाही, थोडा बाजूला आहे, आणि तो का तसा, हे तिथले लोक याच गोष्टीने सांगतात. औंढा आणि तिरुप्पुंगूर यांच्यात शेकडो कोसांचे अंतर, पण जागा सोडून बसलेल्या नंदीचा अर्थ दोन्हीकडे एकच लागतो.

नंदनारांची गोष्ट मात्र तिथे थांबत नाही, आणि मला ती अस्वस्थ करते ती पुढेच. त्यांना चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन हवे होते. आपण कोण हे ठाऊक असल्याने ते रोज म्हणत, उद्या जाईन. अखेर गेले, गावाच्या वेशीवर थांबले आणि फेऱ्या घालत राहिले. बाराव्या शतकातल्या पेरियपुराणात पुढचे आहे: देवाने नंदनारांना स्वप्नात सांगितले, अग्नीतून आत ये, तिथल्या पुजाऱ्यांना, दीक्षितांनाही स्वप्नात सांगितले, अग्नी तयार ठेवा. नंदनार आगीत शिरले आणि जानवे घातलेल्या मुनीच्या रूपात बाहेर आले. मग ते आत गेले आणि दिसेनासे झाले.

तिरुप्पुंगूरला देव नंदी हलवू शकला. चिदंबरमला मात्र त्याला दाराचा नियम हलवता आला नाही, भक्तालाच जाळून ब्राह्मण करावे लागले. श्रद्धाळू याला अंतिम कृपा म्हणतात. मला हा तोडगा वाटतो, आणि तो देवळाच्या सोयीचा आहे: नियमही राहिला, भक्ताची भक्तीही मान्य झाली आणि आगीतून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा राहायला उरला नाही. उडुपीला, देवळात प्रवेश नाकारलेल्या कन्नड संत कनकदासांसाठी कृष्णाची मूर्ती वळली आणि भिंतीला भेग पडली असे सांगतात. ती खिडकी ‘कनकन किंडी’ म्हणून आजही दाखवतात. तिथे भिंत फुटली, पण दाराच्या आकाराची नाही.

या सगळ्या गोष्टींत हलतो तो देव. पुजारी हलत नाही. औंढ्याच्या गोष्टीत देऊळ फिरल्यावर दुसऱ्या दिवशी काय झाले, हे कोणी सांगत नाही. पुजाऱ्यांनी नामदेवांचे पाय धरले, असे फार तर कोणी जोडते. पण त्या दिवसापासून शिंप्याला समोर बसू देऊ लागले, असा शेवट असलेली गोष्ट माझ्या ऐकण्यात नाही. चोखोबांची गोष्ट तर आणखी कडवट. विठ्ठलाने त्यांना रात्री आत नेले, गळ्यात हार घातला; सकाळी हाराची चोरी म्हणून मार चोखोबांनाच बसला. ‘विठोबाचा हार तुझ्या कंठी कैसा आला, शिव्या देती म्हणती महारा देव बाटविला.’ मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले आणि त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली ती नामदेवांनी. समोर, पण बाहेर. तिथून आत जाण्याच्या चार पावलांना सहाशे वर्षे लागली. त्यासाठी १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले.

म्हणून मला या आख्यायिकांचा एक वापर मान्य नाही. ‘आमच्या परंपरेत भेद नव्हताच, बघा, नामदेवांसाठी देऊळ फिरले’ हे वाक्य आपण व्याख्यानांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या कीर्तनांच्या तुकड्यांत सर्रास ऐकतो. देऊळ फिरावे लागले, हाच भेदाचा पुरावा आहे. ज्या घरात सगळ्यांना ताट वाढले जाते तिथे देवाला चमत्कार करायची पाळी येत नाही.

चमत्काराने न सुटलेली गोष्ट पुढे माणसांना सोडवावी लागली. पुण्याच्या पर्वतीवर देवदेवेश्वर, म्हणजे शंकरच. १९२९च्या ऑक्टोबरात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज हे दलित नेते आणि त्यांचे सहकारी त्या पायऱ्या चढू लागले तेव्हा कोणाचे देऊळ फिरले नाही. वरून दगड आले. पुढच्या वर्षी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो १९३५पर्यंत चालूनही दार उघडले नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा आला तो १९४७मध्ये. औंढा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, म्हणजे नामदेवांना जिथून उठवले असे आपण सांगतो तिथे तो कायदाही लागू नव्हता. सप्टेंबर १९४८मध्ये निजामाची राजवट संपली, मग संविधान आले, अस्पृश्यता रद्द करणारे सतरावे कलम आले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. आज औंढ्याच्या गाभाऱ्यात अरुंद पायऱ्यांवरून वाकून उतरताना पुढचा कोण आणि मागचा कोण हे कोणी विचारत नाही. जागाच इतकी कमी की नीट उभेही राहता येत नाही, सगळ्यांच्या माना सारख्याच खाली. हे देवाने केलेले नाही. सत्याग्रहांनी आणि कायद्याने केले.

आणि हा विषय जुना झाला असेही नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशाच्या १९५६च्या कायद्याची आठवण करून दिली: जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे स्त्रीला अडवता येणार नाही, अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानाने त्यावर आधी काय केले? गाभारा पुरुषांनाही बंद केला. समता झाली! मग काही दिवसांनी स्त्रियांना सकाळी सहा ते सात असा एक तास दिला, तोही ओलेत्या सुती किंवा रेशमी वस्त्रांत. ज्या क्षेत्राच्या कथेत एका जोडप्याला कट करून बाहेर काढल्याबद्दल देव रागावतो, त्याच क्षेत्री हे घडले. पूर्ण कथा ज्यांना ठाऊक आहे आणि रोज सांगावी लागते, त्यांना हा निर्णय घेताना थोडे तरी जड गेले असते, असे मला वाटते. कदाचित हा माझा भाबडेपणा असेल.

दुसरा आक्षेप असा येईल की श्रद्धेच्या ठिकाणी जात कशाला उकरून काढता? नामदेवांनी माफ केले असेल, आपण कोण? हा आक्षेप घेणारे बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. त्यांना देवळात भांडण नको असते. पण जात मी आणलेली नाही, ती पदात आहे, आणि नामदेवांच्या तोंडी आहे. ‘मेल्यावर मुक्ती दिलीस तर कोणाला कळणार’ असे विचारणाऱ्या माणसाने माफ करून टाकले, असे त्याच्या वतीने कोणी ठरवायचे? आणि दुसऱ्या टोकाला, ‘ब्राह्मणांनी हाकलले’ एवढे म्हणून जे मोकळे होतात त्यांच्याशीही माझे पटत नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य महादेवाच्या देवळांत पूजेचा मान गुरवाकडे आहे, काही ठिकाणी जंगमाकडे. पिंडीजवळचा हक्क एका जातीपुरता कधीच नव्हता. पण ज्याच्या हाती तो आला, त्याला खालच्याला उठवण्याची मुभा मिळाली. गोष्ट त्या मुभेबद्दल आहे. ती आज विश्वस्तांकडे असू शकते, व्हीआयपी पासाच्या खिडकीवर असू शकते. साडेतीन तास रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीला बाजूला करून आमदारांच्या पाहुण्यांना वाट दिली जाते, तेव्हा पूजेत व्यत्यय नेमका कोण आणतो?

आपण रागावतो तेही विलक्षण गोष्टींवर. २०२३च्या फेब्रुवारीत आसाम सरकारच्या जाहिरातीत सहावे ज्योतिर्लिंग गुवाहाटीजवळच्या डाकिनी टेकडीवर दाखवले आणि इथे एकच गदारोळ झाला: भीमाशंकर आमचा पळवला! दारुकावनातले नागेश ज्योतिर्लिंग तर कधीपासूनच तीन ठिकाणी सांगतात, औंढ्याला, द्वारकेजवळ आणि उत्तराखंडात जागेश्वरला. वैद्यनाथही परळीचा की देवघरचा, हा वाद आहेच. दारुकावन कुठले यावर पोटतिडकीने बोलणारे लोक मी पाहिले आहेत. ज्योतिर्लिंगाचा पत्ता कोणी बदलला की राज्याची अस्मिता दुखावते. गोष्टीतून मारहाण पुसली गेली, तर ती कोणाची दुखावते?

औंढ्याशी नामदेवांची दुसरीही एक गोष्ट जोडलेली आहे, आणि पहिलीचा खरा अर्थ मला तिच्यात सापडतो. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. रुसलेले नामदेव गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे आले. पाहतात तर विसोबा देवळात पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, मी म्हातारा, तूच उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव. नामदेवांनी पाय उचलले, खाली ठेवले, तर तिथे पिंड. दुसरीकडे ठेवले, तिथेही पिंड. पुढे नामदेवांच्याच एका पदात येते: ‘एकै पाथर कीजै भाउ, दूजै पाथर धरीऐ पाउ.’ एका दगडाची भक्ती करायची, दुसऱ्यावर पाय द्यायचा. तो देव असेल तर हाही देव.

ज्याला हे कळले होते त्याला देवळाच्या पुढच्या अंगाची गरज नव्हती. मागे बसूनही त्याचे भागले असते. तरीही तो विठ्ठलाशी भांडला. देव सगळीकडे आहे हे तत्त्वज्ञान समोरून उठवलेल्या माणसाची समजूत काढायला वापरू नये, हे नामदेवांना नीट ठाऊक होते. ‘देव मनात असतो, देवळात जायलाच कशाला हवे’ हा सल्ला आजही नेमका त्यांनाच दिला जातो ज्यांना दारात अडवलेले असते. आत बसलेल्यांना तो कोणी देत नाही.

मागणी करायची तर ती छोटीच आहे. राज्यभर तीर्थक्षेत्र विकासाचे आराखडे चालू आहेत. वाहनतळ होतील, दर्शनबाऱ्या होतील आणि त्यांच्याबरोबर स्थानमाहात्म्य सांगणारे गुळगुळीत ग्रॅनाइटचे फलकही लागतील. त्या फलकांवर गोष्ट अर्धी लिहू नये. औंढ्याच्या फलकावर, नामदेवांना शूद्र म्हणून मारून उठवले अशी परंपरा सांगते, हे लिहावे. ते ज्या पदात आहे त्याच्या दोन ओळी मूळ शब्दांत द्याव्यात. आणि १९४८पूर्वी इथे, निजामाच्या राज्यात, मुंबई प्रांतातला मंदिरप्रवेशाचा कायदाही लागू नव्हता, एवढी एक ओळ जोडावी. त्याने एकाही भाविकाची श्रद्धा कमी होणार नाही. नंदी मागेच राहील आणि त्याच्याकडे बोट दाखवून गोष्ट सांगायला पुजारीही तयारच असेल, फक्त ती थोडी लांबेल. विश्वस्त मंडळे म्हणतील, वाद होईल. वाद तर पदातच आहे, तो नामदेवांनी थेट देवाशी घातलेला आहे.

त्र्यंबकेश्वरला तर मुहूर्तही आहे. २०२७च्या सिंहस्थासाठी तिथे सध्या कामे काढली आहेत. कुशावर्त कुंडाच्या काठी गौतमांची कथा लिहिणार असाल, तर पाण्यावरून झालेले भांडण, गणपतीला घातलेले साकडे, काडीने मेलेली गाय आणि दगड मारणारे शेजारी, सगळे लिहा. आणि त्याच फलकाखाली गाभारा कोणाला, कोणत्या वेळी, कोणत्या अटींवर खुला आहे, तेही स्पष्ट लिहा.